प्लग बसला, पण चित्र येईना

वाचकांचं पत्र:

«नमस्कार. आम्ही निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या सासऱ्यांची पूर्वी छपाईची प्रेस होती. १९९० च्या सुमारास त्यांनी कोल्हापुरातून एक संगणक आणला. प्रेसचा हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांची पदं त्यांनी स्वतः टाइप करून त्यात ठेवली. बरीच मराठी, काही कन्नडही. यंत्र इतकी वर्षं माळ्यावर होतं. गेल्या महिन्यात उतरवून चालू केलं तर पंखा फिरला, एकदा 'टीं' असं वाजलं, लाल दिवा लुकलुकला, पण पिवळ्या अक्षरांच्या मॉनिटरवर मधोमध नुसती एक आडवी रेघ. भाच्याने ऑनलाइन नऊ पिनांचा पंधरा पिनांना जोडणारा अडाप्टर मागवला, त्यापुढे एचडीएमआयची डबी लावली. सगळं नीट बसलं, तरी नव्या मॉनिटरवर 'नो सिग्नल'. आता कुठली केबल घ्यावी? मामंजींना पदं बघायची आहेत. मॉनिटर द्या म्हणून भंगारवाला रोज दारात उभा असतो. फोटो सोबत पाठवते.»

ताई, आणखी केबल मागवू नका. आणि भाच्याला सांगा, तो नऊ-पंधराचा अडाप्टर आधी काढ आणि 'परत एकदा बघतो' म्हणून लावू नको.

फोटो स्वच्छ काढलेत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. यंत्राच्या पाठीमागे ज्या पत्र्याच्या पट्टीवर नऊ भोकांचं सॉकेट आहे, त्याच पट्टीवर प्रिंटरचं पंचवीस भोकांचं लांब सॉकेटही दिसतंय. ही दोन्ही एकाच कार्डावर (म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या आतल्या पाटीवर) आणि समोर एकरंगी मॉनिटर, म्हणजे कार्ड हर्क्युलिस जातीचं, नाहीतर त्याच्याही आधीचं आयबीएमचं एमडीए. नऊ भोकांशेजारी गोल आरसीए जॅक असता तर मी आयबीएमचंच रंगीत कार्ड, सीजीए, म्हटलं असतं. एमडीए आणि सीजीए दोन्ही १९८१ मध्ये आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर आली, हर्क्युलिस १९८२ मध्ये.

या हर्क्युलिसची जन्मकथा तुमच्या सासऱ्यांना आवडेल, म्हणून जाता जाता सांगतो. ते बनवणारा व्हान सुवन्नुकुल हा मूळचा थायलंडचा. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. एमडीएला कारखान्यातून भरलेली ठरावीक अक्षरंच दाखवता यायची आणि सीजीएचे ठिपके इतके जाड की थाईची वेलांटी त्यात बसेना. तेव्हा त्याने ७२० बाय ३४८ ठिपके एकेक करून पेटवता येतील असं कार्डच बनवलं. रोमनबाहेरच्या लिपीसाठी कुणीतरी तळमळून केलेली वस्तू पुढे निपाणीच्या प्रेसमध्ये मराठी-कन्नड पदांसाठी आली.

आता अडाप्टर. असे नऊ-पंधराचे बहुतेक अडाप्टर वेगळ्याच कामाचे असतात. व्हीजीए हा पंधरा पिनांचा पुढचा प्रकार नवीन होता तेव्हा काही मल्टिसिंक, म्हणजे वेगवेगळे वेग घेणाऱ्या, मॉनिटरांना मागे नऊ पिनांचंच सॉकेट असायचं. पंधरा पिनांच्या व्हीजीए कार्डाला तसला मॉनिटर लावता यावा म्हणून हे निघाले. त्यांच्यात १, २, ३ या पिनांवर लाल, हिरवा, निळा रंग असतो, ४ आणि ५ वर सिंक (नवी रेघ आणि नवा पडदा कधी सुरू करायचा हे मॉनिटरला सांगणारी खूण), आणि ६ ते ९ या चारही ग्राउंड. तुमच्या कार्डावर मात्र १ आणि २ ग्राउंड आहेत, ३, ४, ५ रिकाम्या, आणि खरा माल ६ ते ९ वर: सहावर अक्षराचा ठळकपणा, सातवर चित्र, आठवर आडवा सिंक, नऊवर उभा सिंक. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या कार्डाने जे जे बाहेर पाठवलं ते सगळं अडाप्टरने सरळ ग्राउंडला नेऊन टेकवलं आणि मॉनिटरला ज्या पिनांवर सिंक हवा होता तिथे काहीच आलं नाही. नवा मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणाला ते शंभर टक्के खरं बोलला.

कार्ड गेलं असेल का, ही धास्ती घेऊ नका. त्या काळच्या चिपा थोडा वेळचा शॉर्ट सहसा सोसतात. पण तासन्‌तास तसंच ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तो काढा म्हटलं.

पिना योग्य जुळवून कुणी केबल बनवून दिली तरी काम होणार नाही, हे मात्र इथेच सांगून ठेवतो, कारण दुकानात तुम्हाला हेच सुचवलं जाईल. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली व्होल्टेजची. तुमच्या कार्डाचा सिग्नल टीटीएल आहे, म्हणजे तारेवर एकतर शून्याजवळ नाहीतर पाच व्होल्टांकडे. ठिपका पेटलेला किंवा विझलेला, मधलं काही नाही. व्हीजीएचा सिग्नल अॅनालॉग, शून्य ते ०.७ व्होल्ट, आणि त्यात उजेडाच्या हव्या तितक्या छटा. दुसरी अडचण वेगाची, आणि खरी गोची तिथे आहे. तुमचं कार्ड सेकंदाला सुमारे १८,४०० आडव्या रेषा पाठवतं, म्हणजे १८.४ किलोहर्ट्झ, आणि पूर्ण पडदा सेकंदाला ५० वेळा भरतं. भागाकार केलात तर एका पडद्याला ३७० च्या आसपास रेषा येतात. १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणलं त्याचा वेग ३१.५ किलोहर्ट्झ. आजच्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात आडव्या वेगाचा आकडा बहुधा ३० पासून पुढेच सुरू होतो. पखवाज विलंबित वाजतोय आणि टाळकऱ्यांना द्रुतच येतं, असा हा मामला. केबल सिग्नल वाहून नेते, त्याची लय बदलत नाही. एचडीएमआयची ती पांढरी डबीही समोर व्हीजीए आहे असं धरूनच चालते. १८.४ किलोहर्ट्झचं तिला काही कळत नाही.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर नव्या मॉनिटरचा नाद तूर्त सोडा आणि जुना दुरुस्त करून घ्या.

होय, तोच. मधोमध एक आडवी रेघ, हे मेलेल्या मॉनिटरचं लक्षण नाही. रेघ दिसते म्हणजे पिक्चर ट्यूब जिवंत आहे, तिला लागणारं हाय व्होल्टेज तयार होतंय, आडवी चाल ठीक आहे. किरण डावीकडून उजवीकडे धावतोय, फक्त वरून खाली उतरत नाही. मेकॅनिकच्या भाषेत 'व्हर्टिकल गेलंय'. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या जमान्यात हा रोजचा आजार होता. ज्यांनी वेस्टन, डायनोरा, क्राउन असले टीव्ही दुरुस्त करत आयुष्य काढलं असे मेकॅनिक निपाणीत, चिकोडीत, संकेश्वरात अजून असतील. दुकान मोबाइलचं झालं असेल, पण आत बसलेल्या वडिलांना विचारा. त्यांना 'कॉम्प्युटरचा मॉनिटर' म्हटलं की ते हात वर करतील. 'एकरंगी आहे, नुसती आडवी रेघ येते' एवढंच सांगा. व्हर्टिकल आउटपुटचा आयसी, त्याच्या आजूबाजूचे सुकलेले कंडेन्सर, किंवा यॉकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या) जोडणीतलं ड्राय सोल्डर, यातलंच काहीतरी निघण्याची शक्यता जास्त. तीसपस्तीस वर्षं माळ्यावर, त्यात आपल्याकडचा पावसाळा, कंडेन्सर सुकले नसते तरच नवल.

तिथे नेताना सीपीयूही बरोबर न्या. या जातीचा मॉनिटर कार्डाकडून सिंक आल्याशिवाय नीट चालतच नाही, त्यामुळे मेकॅनिकला नुसत्या मॉनिटरवर काही तपासता येणार नाही. त्याची पॉवर कॉर्डही बघा. पुष्कळ जुन्या मॉनिटरांची पिन भिंतीतल्या सॉकेटात बसणारी नसते, ती पीसीच्या मागच्या एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) बसते, म्हणजे एका बटणात दोन्ही चालू. ती कापून भिंतीची पिन लावू द्यायची गरज नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. ती रेघ दिसत असताना ब्राइटनेस अगदी कमी करा आणि मॉनिटर लगेच बंद करा. सगळा उजेड एकाच ओळीवर पडत राहिला की ट्यूबचा फॉस्फर जळतो आणि ती रेघ कायमची उमटते, मग दुरुस्तीनंतरही अक्षरांच्या मधून जाताना दिसत राहील. दुसरं, मॉनिटरची पाठ घरी कुणीही उघडायची नाही. भाचा हुशार आहे हे पत्रावरून कळतं, त्यालाच मुद्दाम सांगतो. आत दहा हजार व्होल्टांच्या पुढचं काम असतं आणि पिन काढून ठेवल्यावरही ट्यूबवर चार्ज राहतो. ते उतरवायची रीत असते, ती मेकॅनिकला ठाऊक असते.

सीपीयू उघडायला हरकत नाही, पिन काढून. आत मदरबोर्डावर बारक्या पिपासारखी बॅटरी असेल आणि तिच्याभोवती हिरवट-निळसर बुरशीसारखं काही आलं असेल तर पुन्हा चालू करण्याआधी ती काढून घ्या. ते पाणी तांब्याच्या रेषा खातं.

आता समजा मेकॅनिक मिळालाच नाही, किंवा ट्यूबच गेली निघाली. तेव्हा दोन वाटा आहेत.

एक, हर्क्युलिस काढून त्या जागी जुन्या आयएसए स्लॉटचं व्हीजीए कार्ड बसवायचं. ट्रायडेंट, ओक अशा नावांची ही कार्डं जुन्या मालात मिळतात. ८ बिटच्या स्लॉटात चालणारं आहे ना, एवढं विचारून घ्यायचं, कारण १६ बिटची काही चालतात, काही चालत नाहीत. यंत्र एक्सटी, म्हणजे जुन्या पहिल्या पिढीचं, असेल तर मदरबोर्डावरचे पाचवा आणि सहावा हे दोन बारके स्विच सहसा ऑन करावे लागतात. त्यानंतरचं एटी असेल तर मोनो-कलरचा जंपर आणि सेटअपमधली नोंद बदलावी लागते. एवढं केलं की कुठलाही व्हीजीए सॉकेटवाला मॉनिटर चालेल, आणि तुमची ती एचडीएमआयची डबीसुद्धा मग कामाला येईल. स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणून इतर कुणालाही मी हाच सांगितला असता.

तुम्हाला सांगताना मात्र अडखळतो, दोन कारणांनी. प्रिंटरचं सॉकेट त्याच हर्क्युलिस कार्डावर आहे. कार्ड गेलं की प्रिंटर गेला, आणि प्रिंटर आपल्याला लागणार आहे, कसा ते पुढे सांगतो. दुसरं, सासऱ्यांनी मराठी आणि कन्नड टाइप केलं म्हणता, आणि त्या काळचं असं यंत्र बहुधा डॉसवर (विंडोजच्या आधीच्या, नुसत्या अक्षरांच्या प्रणालीवर) चालायचं. डॉसला स्वतःला दोन्ही येत नाहीत. म्हणजे आत एकतर भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड असणार, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेलं, किंवा हर्क्युलिसच्या ग्राफिक्सवर अक्षरं रेखाटणारा एखादा प्रोग्रॅम. दोन्हींचं त्या डिस्प्ले कार्डाशी जुळवून दिलेलं असतं. डिस्प्ले कार्ड बदललं आणि डॉस झकास दिसायला लागला, पण पदांची फाइल उघडली की पडदा काळा, असं होऊ शकतं. मामंजींनाच विचारा, मराठी लिहायला काय सुरू करत होता? त्यांना कळ आठवत असेल, फ्लॉपी आठवत असेल, कार्ड घालून देणारा माणूसही आठवत असेल. काही काढायच्या आधी आतला फोटो घ्या, कुठली केबल कुठल्या कार्डात जाते ते दिसेल असा.

दुसरी वाट कन्व्हर्टरची. इथे फसगत फार आहे. जीबीएस ८२०० नावाचा हिरवा बोर्ड सगळीकडे मिळतो, स्वस्तही आहे. पण त्याला अॅनालॉग सिग्नल लागतो आणि तो १५, २४, ३१ किलोहर्ट्झच्या मापाचा आहे. जुन्या व्हिडिओ गेमच्या बोर्डांना तो ठीक. तुमच्या पाच व्होल्टांच्या १८.४ ला घेऊ नका. खास टीटीएलसाठी केलेल्या दोन गोष्टी मला ठाऊक आहेत. एक एमसीई टू व्हीजीए, त्याच्या नावातच एमडीए, सीजीए आणि त्यानंतर आलेलं ईजीए या तिन्हींची अक्षरं आहेत. दुसरं आरजीबी टू एचडीएमआय: रास्पबेरी पाय झिरोवर एक छोटा बोर्ड चढवायचा, तो येणारा एकेक ठिपका मोजून सरळ एचडीएमआयवर मांडतो. हे दुसरं हौशी लोकांनी मिळून केलंय, आराखडे खुले आहेत, आणि चित्र इतकं रेखीव येतं की जुन्या मॉनिटरवरही तसं नव्हतं. पण बोर्ड मागवायचा, सोल्डर करायचा, कार्डाप्रमाणे सेटिंग निवडायची, हे सगळं आलं. भाच्याला गोडी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत करू दे. कुठलाही कन्व्हर्टर घेताना विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: एकरंगी टीटीएल, १८.४ किलोहर्ट्झ घेतो का? 'सगळं चालतं' असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नये.

बेळगावात उद्यमबागेकडे कुणी ओळखीचं असेल तर तेही बघा. जुन्या सीएनसी मशीनचा पडदा गेला की त्या जागी एलसीडी बसवून देणाऱ्यांना हाच प्रश्न रोज पडतो. लेथच्या कंट्रोलमधला मॉनिटर आणि तुमचा मॉनिटर दूरचे भाऊबंदच.

मध्येच एक खुलासा, कारण टिळकवाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी याच आठवड्यात विचारलंय. त्यांच्याकडे शाळेतून मोडीत निघालेला बीबीसी मायक्रो संगणक आहे, शाळांत संगणक शिकवण्यासाठी १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतला, आणि हे सगळं वाचून त्यांना धडकी भरेल. सर, तुमचं सोपं आहे. त्याच्या मागे 'व्हिडिओ आउट' लिहिलेलं पितळी गोल सॉकेट आहे, त्यातून साधा कॉम्पोझिट सिग्नल येतो. बीएनसी ते आरसीए जोड लावून टीव्हीच्या पिवळ्या जॅकला द्या, काळंपांढरं चित्र येईल. शेजारचं सहा पिनांचं गोल सॉकेट मात्र टीटीएल आहे, त्याला टीव्ही लावू नका.

तर ताई, मुद्द्यावर येतो. मामंजींना मॉनिटर नकोय, पदं हवी आहेत. आणि पदं आहेत की गेली, हे पडद्याशिवायही कळतं.

तुमचं यंत्र चालू होताना एकदाच वाजतं. ही चांगली खूण. सुरुवातीची तपासणी पार पडली, कार्डही जागेवर आहे. कार्डात बिघाड असता तर बहुतेक यंत्रं एक लांब आणि दोन आखूड वाजतात. नंतर लाल दिवा लुकलुकला म्हणजे हार्ड डिस्क वाचली जातेय. म्हणजे काळ्या पडद्यामागे डॉस बहुधा तुमची वाट बघत बसलाय. प्रेसमधला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून असेल, किंवा एखाद्या सोसायटीत, दूध संघात, औषधांच्या दुकानात बिलं काढायला असेल तो एका दुपारीपुरता आणा. पंचवीस पिनांची पॅरलल केबल हवी. यूएसबीवाला प्रिंटर नको, आणि शाईचाही नको, तो पूर्ण पान भरेपर्यंत गप्प बसतो. सगळं बंद असताना जोडा, कागद लावा, प्रिंटर आधी चालू करा, मग यंत्र.

'टीं' वाजल्यावर दिवा शांत होईपर्यंत थांबा. डॉस तारीख आणि वेळ विचारत असेल, म्हणून दोनदा एंटर दाबा. मग कंट्रोलची कळ दाबून धरा आणि इंग्रजी पी दाबा. या क्षणापासून पडद्यावर जे उमटेल ते कागदावरही उमटतं, ही सोय डॉसमध्ये पहिल्यापासून आहे. आता डीआयआर ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर. प्रिंटरने कर्रकर्र करत फायलींची यादी काढायला सुरुवात केली तर समजा, सासऱ्यांचं काम शाबूत आहे. यादीत नावं इंग्रजीतच असतील, आठ अक्षरांची, मागे तीन. कोणतं नाव कशाचं हे ते कागद बघून सांगतील. ज्या नावांपुढे डीआयआर असं छापलंय ते कप्पे. कप्प्यात शिरायला सी आणि डी ही दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा, कप्प्याचं नाव, एंटर, आणि पुन्हा डीआयआर.

काहीच छापलं नाही तर घाबरू नका. कदाचित यंत्र सुरू होताच मराठीचा प्रोग्रॅम किंवा एखादा मेनू उघडत असेल. एस्केप दाबून बघा, आणि मामंजींना शेजारी बसवा. वर्षानुवर्षं दाबलेल्या कळा बोटांना आठवतात.

फाइलचा मजकूर असा छापायला जाऊ नका. प्रिंटरला मराठी येत नाही, नुसती आलतूफालतू चिन्हं पडतील आणि 'सगळं बिघडलं' म्हणून घरात रडारड होईल.

यादी मिळाली की फायली फ्लॉपीवर उतरवता येतात, कॉपी करताना 'एक फाइल कॉपी झाली' ही ओळसुद्धा कागदावर येते, म्हणजे आंधळेपणाने काम नाही. साडेतीन इंचाची फ्लॉपी असेल तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर आजच्या लॅपटॉपला वाचता येते. सव्वापाच इंचाची असेल तर ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड आणि चालू स्थितीतली जुनी ड्राइव्ह लागेल. ही कुणा हौशी माणसाकडून करून घ्यायची गोष्ट. फ्लॉपी वापरण्याआधी तिच्या लांबट खिडकीतून आतली काळी तबकडी उजेडात फिरवून बघा. पांढरे डाग, बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, त्या एका फ्लॉपीपायी वाचणारं हेडच खराब होतं. हार्ड डिस्क काढून यूएसबीला लावू असं कुणी सुचवलं तर त्याला आधी तिच्या पाठीमागच्या पट्ट्या बघायला सांगा. दोन वेगवेगळ्या रुंदीच्या रिबन केबल असतील तर ती एमएफएम डिस्क, तिला यूएसबीची कुठलीही डबी चालत नाही. ती तिच्या कंट्रोलर कार्डासकट याच यंत्रात वाचायची. म्हणूनही हे यंत्र आख्खं राहायला हवं.

भंगारवाल्याला मॉनिटर देऊ नका, आणि तो 'नुसती बॉडी ठेवा, आतलं नेतो' म्हणाला तरी नाही. तो ट्यूब फोडून यॉकचं तांबं काढतो आणि शिसं असलेली काच बांधावर टाकतो. अगदी दुरुस्त होणार नाही असं ठरलंच, तर ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे द्या.

फायली लॅपटॉपवर आल्यावर त्या नोटपॅडमध्ये उघडल्यात की मराठी दिसणार नाही, परदेशी खुणांची रांग दिसेल. ती पुसू नका, सेव्हही करू नका. त्या रांगेत वर चढलेला बारीक ३ वारंवार दिसतो का बघा. दिसत असेल तर मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या तक्त्यात, आहे, कारण इस्कीत 'क'चा क्रमांक १७९ आणि लॅपटॉपच्या रोमन तक्त्यात त्याच क्रमांकावर तो बारीक ३ बसलाय. इस्की म्हणजे १९९१ चं भारतीय मानक १३१९४, आणि आजचे संगणक वापरतात त्या युनिकोडमधले आपल्या लिप्यांचे तक्ते इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच मांडलेत, त्यामुळे तिथून युनिकोडमध्ये येणं कठीण नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. इस्कीत देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांचा क्रमांक एकच असतो, लिपी कोणती हे वाचणाऱ्याने सांगायचं. तेव्हा मामंजींनी कन्नडमध्ये टाइप केलेली पदं पहिल्या फेरीत देवनागरीत उमटली तर फाइल चुकली असं समजू नका, इस्कीचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्रॅमला लिपी कन्नड सांगून पुन्हा चालवा. बारीक ३ कुठेच नसेल तर तो एखाद्या प्रोग्रॅमचा स्वतःचा तक्ता आहे. मग एका पदाच्या फाइलची पहिली पंधरावीस ओळींची रांग आणि तेच पद मामंजींच्या हातचं कागदावर लिहिलेलं, दोन्हींचे फोटो पाठवा. अक्षराला अक्षर लावून तक्ता काढता येतो.